सोबत आलेल्यांचं काय? मेडिकल कॉन्फरन्सचे ऐच्छिक कार्यक्रम आखताना

मी भूलतज्ज्ञ. पेशंटने शेवटचं कधी खाल्लं हे विचारल्याशिवाय सुईला हात लावत नाही. तरी काही वर्षांपूर्वी आमच्या गावात (तेव्हा औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) राज्य पातळीवरची कॉन्फरन्स भरली, तेव्हा सोशल कमिटीचा प्रमुख म्हणून मी छापून आणलेल्या ब्रोशरच्या शेवटच्या पानावर होतं : 'सोमवार : पोस्ट-कॉन्फरन्स टूर, अजिंठा लेणी.' गठ्ठे घरी उतरवून घेतले, आणि बायकोने चहा ठेवता ठेवता पान उलटून विचारलं, "अहो, अजिंठा सोमवारी बंद असतं ना?"

असतं. सगळा जन्म या गावात गेलेला मी. पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही घरात बसून प्रत्येक ब्रोशरवर स्टिकर चिकटवत होतो.

त्यानंतर आणखी दोनदा हीच जबाबदारी माझ्याकडे आली. सायंटिफिक कमिटीत जायला सगळे तयार असतात. बस, जेवण आणि डेलिगेटच्या (नाव नोंदवून आलेल्या डॉक्टरच्या) सासूबाईंचे गुडघे सांभाळायला कोणी नसतं. आता आमच्याकडे किंवा अशाच एखाद्या गावात कोणाला हे काम मिळालं तर स्टिकर चिकटवायची वेळ येऊ नये म्हणून लिहितो आहे.

आधी वार, मग ठिकाणं

बहुतेक कमिट्या पहिल्याच मीटिंगमध्ये ठिकाणांची यादी करतात. यादी मागाहून करा. आधी कागदावर गुरुवार ते मंगळवार असे सहा रकाने पाडा. गुरुवारी वर्कशॉप, शुक्रवार-शनिवार पूर्ण दिवस सेशन, रविवारी दुपारी एकच्या सुमारास समारोप, असा आपल्याकडचा सर्वसाधारण सांगाडा असतो. त्यावर आमच्या गावाचे दोन नियम ठेवा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. एवढ्यावरच निम्मा कार्यक्रम ठरतो. गुरुवारी वर्कशॉपवाल्यांच्या घरच्यांना अजिंठा. रविवारी दुपारी किंवा सोमवारी वेरूळ. मंगळवारपर्यंत कोणी थांबणार असेल तर त्यांना मंगळवारी अजिंठा. दुसरा मेळ बसवायच्या फंदात पडू नका.

याच कागदावर एकादशी, संकष्टी, ड्राय डे आणि लग्नाच्या मोठ्या तिथी लाल पेनाने लिहा. तिथीच्या दिवशी बस मिळत नाही, मिळाली तर ड्रायव्हर आदल्या रात्रीच्या वऱ्हाडाचा जागा असतो.

आणखी एक काळजी. डेलिगेटसाठीची कोणतीही सहल सेशनच्या वेळेत ठेवू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट (अशा सेशनना बसून मिळणारे गुण) लागतात, कॉन्फरन्सला कौन्सिलचा निरीक्षक येतो, आणि हॉल रिकामा दिसला की ऑर्गनायझिंग सेक्रेटरी तुम्हाला शोधत येतो. सेशनच्या वेळेतले कार्यक्रम फक्त सोबत आलेल्यांसाठी. डेलिगेटसाठी साडेआठच्या आधी, सहाच्या नंतर, नाहीतर समारोपानंतर.

पैसे ज्याचे त्याने

'ऐच्छिक' म्हणजे येणाऱ्याने पैसे द्यायचे आणि न येणाऱ्याच्या खिशातून काही जायचं नाही. हे इतकं उघड असूनही मुख्य रजिस्ट्रेशन फीमध्ये सहलीचा खर्च मुरवायचा मोह सगळ्यांना होतो. मग जो पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थी आपल्या अभ्यासाचं पोस्टर लावून रात्रीच्या गाडीने परत जातो, तो कोणाच्या तरी काकूंच्या अजिंठ्याचे पैसे भरतो.

दुसरा मोह औषध कंपनीचा. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषध विभागाने औषध विपणनाची एकसमान संहिता काढली. तिच्याप्रमाणे कंपन्यांना डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटी, प्रवास, सहली देता येत नाहीत. डॉक्टरांवर हे बंधन त्याच्याही आधीपासून आहे. तेव्हा 'बस आमच्याकडून घ्या ना सर' म्हणणाऱ्याला गोड नकार द्या. स्टॉलचे पैसे आणि सहलीचे पैसे वेगवेगळ्या रकान्यात ठेवलेले बरे, ऑडिटच्या वेळी झोप नीट लागते.

भाडं ठरवताना बसची किंमत सीटच्या संख्येने भागू नका. समजा बस, गाइड, तिकिटं, नाश्ता-जेवण मिळून एका बसचा खर्च ३०,००० रुपये आणि सीट ४० आहेत. ७५० रुपये लावलेत की तुम्ही बुडालात, कारण आठ-दहा जण ऐन सकाळी येत नाहीत आणि पैसे परत मागतात. २८ ने भागा, साधारण १,१०० लावा, आणि किमान २० नावं आली नाहीत तर सहल रद्द होऊन पूर्ण पैसे परत मिळतील हे फॉर्मवरच लिहा. रद्द करायची हिंमतही ठेवा. सात माणसांची पंचेचाळीस सीटची बस मी एकदा पाठवली आहे. आतल्या सातही जणांना आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय असंच वाटत होतं.

फॉर्ममध्ये हे विचारा

नाव आणि नंबर सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा : सोबत कोण आहे आणि वय काय? सलग शंभर पायऱ्या चढता येतात का? ('गुडघेदुखी आहे का' असं विचारलंत तर सगळे 'नाही' लिहितात.) जैन जेवण, उपवास, मधुमेह? कोणत्या हॉटेलवर उतरणार? परतीची गाडी किंवा विमान किती वाजता?

फॉर्म भरून आले की एक गोष्ट लक्षात येईल. 'अकम्पनीइंग पर्सन' म्हटलं की कमिटीच्या डोळ्यापुढे डॉक्टरांच्या मिसेस येतात आणि कार्यक्रम ठरतो मेंदी, पाककला आणि साडीखरेदी. प्रत्यक्षात निम्म्या डेलिगेट बायका असतात. सोबत नवरा येतो, जो बँकेत किंवा आयटीत असतो आणि ज्याला मेंदीत रस नसतो. सासू-सासरे येतात, कारण नात सहा महिन्यांची आहे आणि आईला शनिवारी कॉन्फरन्समध्ये शोधनिबंध वाचायचा आहे. म्हणून सगळ्यात आधी हॉलजवळ एक स्वच्छ, दाराला आतून कडी असलेली खोली बाळांसाठी राखून ठेवा. गरम पाणी, चटई, खुर्ची, एक मावशी. आमच्या तिन्ही कॉन्फरन्समध्ये सर्वात जास्त आभार या खोलीचे मानले गेले, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य.

गुरुवार : अजिंठा

अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. अडीच-तीन तास धरा. साडेसहाला बस सुटली पाहिजे, म्हणजे फॉर्मवर सहा लिहा. सिल्लोडला चहा आणि स्वच्छतागृह. ही जागा आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन, आत शिरून बघून या. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली बस थांबते. तिथून पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या शटल बसने जावं लागतं, तिथे रांग असते. कमिटीचा एक पोरगा पुढे पाठवून तिकिटं काढून ठेवली तर अर्धा तास वाचतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. परदेशी फॅकल्टी (बोलावलेले वक्ते) असेल तर त्यांचं तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी महाग, ते हिशोबात आधीच धरा.

शटलमधून उतरल्यावर सुरुवातीलाच पायऱ्यांचा चढ आहे. डोलीवाले तिथेच असतात. ज्यांनी फॉर्मवर 'शंभर पायऱ्या नाही' लिहिलंय त्यांच्यासाठी डोली आधी ठरवा आणि भाव तुम्ही स्वतः करा. चारचौघांसमोर डोलीत बसायला आजी-आजोबा संकोचतात. 'यांची डोली कमिटीने ठरवली आहे' म्हटलं की मुकाट बसतात.

लेणी तीस. तीसही दाखवायचा हट्ट करणारा गाइड घेऊ नका. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर ती कोरलेली आहेत, आणि ऊन चढल्यावर तो कातळ तापतो. पाहुण्यांना १, २, ९ किंवा १०, १६, १७ आणि २६ एवढी दाखवा. चित्रांच्या लेण्यात चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत हे आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये सांगा. फ्लॅश चालत नाही. पहिल्या लेण्यात शिरल्या शिरल्या गाइडला दोन मिनिटं गप्प राहायला सांगा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी नुसता काळोख दिसतो, मग हळूहळू भिंतीतून पद्मपाणीचा झुकलेला चेहरा, हातातलं कमळ वर येतं. माहिती नंतर. सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध शेवटी ठेवा. दमलेली माणसं तिथे आपोआप हळू होतात.

दोनला फर्दापूरला जेवण, सहापर्यंत परत. त्या रात्री दुसरं काहीही ठेवू नका.

बसमध्ये तीस डॉक्टर आणि एक पेटी

हे मी हसत लिहीत नाही. एकदा एका काकांना घाटात भोवळ आली. बसमध्ये दोन फिजिशियन, एक हृदयरोगतज्ज्ञ आणि मी. बीपी मोजायचं यंत्र कोणाकडेच नाही. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याकडे असेल. काकांना साखर दिली, ते सावरले, पण चौघंही परत येईपर्यंत एकमेकांची नजर चुकवत होतो.

प्रत्येक बसमध्ये एक पेटी : बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, ओआरएस, साखर, उलटीची गोळी, इन्हेलर, क्रेप बँडेज. आणि ॲड्रिनॅलिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन. अजिंठ्याच्या कातळाला मधमाश्यांची पोळी असतात, आणि त्या उठल्याचे प्रसंग घडलेले आहेत. पेटी कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव बसच्या काचेवर लिहा. उग्र अत्तर नको, आणि माकडांपुढे हातात खाऊ नको, हेही मेसेजमध्ये टाका.

शुक्रवार-शनिवार : गावातलं आणि जवळचं

सकाळी साडेसहाचा फेरफटका डेलिगेटनाही आवडतो, कारण एकदा झोपमोड झाली की पुढे दिवसभर बसायचंच असतं. हे बावन्न दरवाजांचं गाव. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी नावाने वसवलं, १६५३ मध्ये त्याचं औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरनेच १६१२ मध्ये उभारलेल्या भडकल दरवाजापासून निघून पाणचक्कीपर्यंत रमतगमत पाऊण तास लागतो. पाणचक्कीला दुरून जमिनीखालून नहरीने आणलेलं पाणी, त्या पाण्यावर फिरणारं जातं, आणि शेजारी हौद. युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ) मंडळी इथे हटकून जास्त वेळ थांबतात आणि प्रवाह, दाब, व्यास यावर बोलत बसतात. बस शेवटच्या टोकाला उभी ठेवा, परत चालायला लावू नका. बीबी-का-मकबरा या फेरफटक्यात कोंबू नका, तो संध्याकाळी उतरत्या उन्हात बघायचा.

शुक्रवारी दहा ते चार, पाहुण्यांसाठी पैठण. पन्नास किलोमीटर. नाथ महाराजांची समाधी, गोदाकाठ, आणि माग. पैठणी विणताना बघणं हा कार्यक्रम आहे. पैठणीचं दुकान हा कार्यक्रम नाही, तो ड्रायव्हरच्या कमिशनचा भाग आहे. बस ठरवताना 'आम्ही सांगू तिथेच थांबायचं' हे लिहून घ्या. मागावर विणकराशेजारी चार-चार जणांना उभं करा. पदरावरच्या मोराच्या एका पिसासाठी तो केवढ्याशा काड्या इकडून तिकडे सरकवतो ते जवळून पाहिलं की साडीच्या किमतीबद्दल कोणी घासाघीस करत नाही. घ्यायचीच असेल त्यांना एकच सांगा : पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते. सुटे, लोंबते धागे दिसले तर ती यंत्रावरची. हिवाळा असेल आणि पाखरांचे शौकीन असतील तर त्यांची वेगळी छोटी गाडी पहाटे नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) पाठवा. दुर्बिणी त्यांच्याच असतात, बाकी काही लागत नाही.

हुरडा

कॉन्फरन्स डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असेल, तर बाकी काही केलं नाही तरी चालेल, हुरडा करा. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनी लेणी शाळेत पाहिलेली असतात. शेतात बसून हुरडा निम्म्यांनी खाल्लेला नसतो.

गावाबाहेरचा एखादा शेतकरी सप्टेंबरातच गाठा. रब्बीची ज्वारी त्यानंतर पेरली जाते आणि कणीस दुधात भरलेलं असतं ते मोजके दिवस, म्हणून तारीख सांगून थोडं मागेपुढे पेरायला लावायचं. वाण खास हुरड्याचा हवा, गूळभेंडी किंवा सुरती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, ही आगटी. कणसं राखेत खुपसतात, वास सुटला की काढतात. चोळणारा माणूस गरम कणीस तळहातात धरून चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि हिरवे, वाफाळते दाणे थेट तुमच्या पुढ्यात टाकतो. बरोबर शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, दही, गूळ, रेवडी, बोरं, ऊस.

हुरडा थांबत नाही. दहा मिनिटांत गार होऊन चिवट होतो, म्हणून बुफेच्या भांड्यात काढून ठेवायचा नाही. केटररला हे चारदा सांगावं लागतं. एका आगटीवर पंचवीस-तीस माणसांच्या वर भागत नाही. दोनशे माणसं असतील तर आगट्या वाढवा आणि चोळणाऱ्या बाया-माणसांची संख्याही, नाहीतर सर्जन मंडळी स्वतः चोळायला बसतात आणि बोटं भाजून घेतात. (सोमवारी त्यांची ऑपरेशनं लागलेली असतात.) वर पाणी ढोसायचं नाही, ताक ठेवा. झाडाखाली सतरंज्या अंथरल्यात तरी पंधरा-वीस खुर्च्या हव्यातच. आणि हुरड्यानंतर रात्रीच्या जेवणाची ताटं निम्म्याने कमी सांगा. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. शंभर माणसांचं अन्न रात्री अकरा वाजता कुठे पोचवायचं याची धावपळ आम्ही केली आहे.

सोबत आलेल्यांना शनिवारी दहा ते दोन न्या, डेलिगेटना रविवारी समारोपानंतर जेवणाऐवजी. एकादशी असेल तर शेंगा, रताळी, दही वेगळं काढा. ज्वारी उपवासाला चालत नाही हे शहरातल्या केटररला माहीत नसतं.

शनिवारची रात्र

गाला डिनरबद्दल फार सांगत नाही, सगळ्यांना त्यातलं कळतं. तीन गोष्टी मात्र लेखी लागतात : दारू ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना, गाणी वाजवायची असतील तर संगीताच्या हक्कांचा परवाना, आणि उघड्यावर असाल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. दहाला बंद करायचा म्हणजे सात वाजता सुरू करायला हवा, आणि सत्कार पाचच्या वर नकोत. जेवण आठला उघडा. म्हातारी माणसं आणि मुलं साडेनऊपर्यंत भाषणं ऐकत उपाशी बसलेली बघवत नाहीत.

कराओकेवर आमचा नियम : एकाने एकच गाणं, एकच अंतरा. अपवाद कोणालाही नाही, असोसिएशनच्या अध्यक्षांनाही नाही. मुख्यतः अध्यक्षांनाच नाही. जेवणानंतर हॉटेलांवर सोडणाऱ्या बस दहा, साडेदहा, अकरा अशा तीन फेऱ्यांत ठेवा, म्हणजे घेतलेल्या कोणाला गाडी चालवायचा मोह होत नाही.

रविवार-सोमवार : वेरूळ

तीस किलोमीटर, पण रविवारी दुपारी तासाच्या वर धरा. वाटेत दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो आणि गाड्या हमखास तुंबतात. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारचं ऊन आत येतं, हा रविवारच्या बॅचचा फायदा. अडीच तास हातात असतील तर १० क्रमांकाचं विश्वकर्मा लेणं, १६ क्रमांकाचं कैलास, आणि वाहनाने जाऊन ३२ क्रमांकाची इंद्रसभा : बौद्ध, हिंदू, जैन असं एकेक. कैलासात गटाला अर्धा तास मोकळं सोडा. वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ आहे ते, गाइडच्या मागे रांगेत फिरायची जागा नव्हे. अंधार लवकर पडतो, डिसेंबरात साडेपाचला माणसं मोजायला सुरुवात करा.

दौलताबाद किल्ला याच दिवशी जोडू नका. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मध्ये अंधारी (काळोखा भुयारी रस्ता), वटवाघळं. तो पीजींचा वेगळा सकाळचा ट्रेक करा, त्यांना फुकटात स्वर्ग मिळतो.

घृष्णेश्वर लेण्यांच्या अगदी जवळ आहे आणि सोबतची ज्येष्ठ मंडळी तिथे जाणारच. गाभाऱ्यात पुरुषांना अंगावरचा सदरा काढून जावं लागतं, हे परगावच्या पाहुण्यांना बसमध्येच सांगा. सोमवारी महादेवाची गर्दी असते. म्हणून सोमवारच्या बसने आधी देऊळ, मग लेणी.

सोमवारी सकाळी सगळ्यांना हॉटेल सोडायचं असतं, म्हणजे माणसांएवढ्याच बॅगा. मोठी डिकी असलेली बस मागा, प्रत्येक बॅगेला नंबर चिकटवा आणि यादी क्लीनरकडे नव्हे, स्वतःकडे ठेवा. परतताना आधी विमानवाले चिकलठाण्याला, मग रेल्वेवाले स्टेशनला. फॉर्मवर घेतलेल्या परतीच्या वेळा इथे उपयोगी पडतात. ज्याची गाडी चारच्या आत आहे त्याला सोमवारच्या सहलीचं नाव घालूच देऊ नका. तो कितीही म्हणाला, "सर, मी पोचतो बरोबर," तरी.